कोरियन उद्गार आणि रोजचे बोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिका बघता बघता 'आइगो', 'देबाक', 'जिन्चा' असे शब्द तोंडात बसतात. पुढची अडचण तिथूनच सुरू होते: हे कोणासमोर म्हणायचं आणि कोणासमोर गिळायचं? कोरियन भाषेत शब्दाचा अर्थ माहीत असला तरी बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याशी नातं काय हे कळल्याशिवाय तो वापरता येत नाही. म्हणून खालच्या उत्तरांत अर्थाबरोबर 'कोण कोणाला म्हणतं' हेही दिलं आहे.

'आइगो' म्हणजे नेमकं काय? प्रत्येक प्रसंगी तेच का ऐकू येतं?

कारण तो सगळ्याच प्रसंगांचा उद्गार आहे. गुडघे धरून खाली बसणारी आजी 'आइगो' म्हणते, नातू पहिलं पाऊल टाकतो तेव्हाही म्हणते, आणि शेजारणीचा मुलगा परीक्षेत नापास झाला हे ऐकूनही. थकवा, कौतुक, हळहळ, वैताग, दुखणं, आश्चर्य, सगळं या एका शब्दात मावतं. भाव ठरतो तो सुरावरून. 'आइगोओओ' असं लांबवून खाली आणलं की दमणूक किंवा दुःख. झटकन तोडलं तर 'अरेच्चा'. गोड, वरच्या सुरात म्हटलं तर लहान मुलाचं कौतुक.

या शब्दाची एक गंभीर बाजू आहे, ती मालिकांतून सहसा कळत नाही. जुन्या कोरियन अंत्यविधीत मोठ्याने शोक करण्याचा रिवाज होता, त्याला 'कोक' म्हणतात. मृताची मुलं 'आइगो, आइगो' असा आक्रोश करत. शहरांतल्या आजच्या अंत्यविधींत हे फारसं दिसत नाही, पण जुन्या पिढीच्या कानात तो स्वर आहे. मराठीत 'आई गं' आणि 'अरे देवा' मिळून जे काम करतात ते बरंचसं 'आइगो' एकटा करतो.

वय वाढेल तसा हा शब्द तोंडात जास्त येतो. तरुण मुलंही म्हणतात, कोणासमोरही म्हटलं तरी उद्धट वाटत नाही. नवशिक्याने निर्धास्तपणे वापरावा असा पहिला उद्गार हाच.

दचकल्यावर काय म्हणतात?

'क्कामचागिया!' म्हणजे 'केवढ्याने दचकले मी!'. हे जवळजवळ आपोआप बाहेर पडतं. 'ऑम्माया!' म्हणजे थेट आईलाच हाक, 'ऑम्मा' म्हणजे आई. पाल अंगावर पडली तर मराठी माणूस जे ओरडेल तेच. 'ऑमॉ' आणि 'ऑमॉना' हे मुख्यतः बायकांच्या तोंडचे. पुरुषाने म्हटलं तर तो मुद्दाम लाडात बोलतोय असं वाटतं. 'सेसांगे!' म्हणजे शब्दशः 'या जगात!', आपल्या 'काय हे जग!' च्या जवळचं. चांगल्या आणि वाईट, दोन्ही बातम्यांवर चालतं.

'हॉल', 'देबाक', 'जिन्चा' यांत फरक काय?

'जिन्चा' म्हणजे 'खरंच'. प्रश्न म्हणून 'जिन्चा?', दुजोरा म्हणून 'जिन्चा!', आणि विशेषणाआधी 'फार' या अर्थानेही: 'जिन्चा माशिस्सॉ', म्हणजे 'खरंच चविष्ट आहे'. 'चॉङ्माल' हा त्याचाच थोडा नीटनेटका भाऊ, लेखी मजकुरात आणि औपचारिक बोलण्यात तो बरा दिसतो.

'देबाक' म्हणजे मोठं यश, घबाड. दुकान धो धो चाललं तर ते देबाक, सिनेमा गाजला तर देबाक, आणि मैत्रिणीने अचानक लग्न ठरल्याचं सांगितलं तर नुसतंच 'देबाक!'. नव्या दुकानाला शुभेच्छा देताना 'देबाक नासेयो' म्हणतात, तिथे तो शब्द अगदी सभ्य आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने कोरियन मुळाचे २६ नवे शब्द घेतले, त्यांत 'देबाक' होता. 'ओप्पा', 'ऑन्नी', 'नूना' हेही त्याच यादीतले.

'हॉल' मात्र निव्वळ तरुणांचा. ऐकलेल्यावर विश्वास बसत नाही, पुढे काय बोलावं सुचत नाही, तेव्हा तोंडातून निघणारा तो आवाज. वर्गशिक्षकासमोर किंवा साहेबासमोर टाळलेला बरा.

वाक्याच्या शेवटी 'यो' लावतात ते कशासाठी? नाही लावलं तर?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून जरा सविस्तर.

कोरियनमध्ये बोलण्याचे दोन मोठे विभाग आहेत. 'बान्माल' म्हणजे अरे-तुरेचं बोलणं: जवळचे मित्र, धाकटी भावंडं, लहान मुलं यांच्याशी. 'जोन्देन्माल' म्हणजे आदराचं बोलणं: अनोळखी माणसं, वडीलधारे, दुकानदार, सहकारी यांच्याशी. त्यातही घरगुती आदर आणि सभेतला आदर वेगळा. 'यो' हा घरगुती आदर. 'हाम्निदा', 'सुम्निदा' असे शेवट बातम्यांत, भाषणांत, लष्करात, ग्राहकाशी बोलताना येतात.

मराठीतही तू, तुम्ही, आपण आहे, त्यामुळे आपल्याला ही कल्पना परकी नाही. फरक असा की मराठीत आदर मुख्यतः ज्याच्याशी किंवा ज्याच्याबद्दल बोलतो त्या माणसाच्या उल्लेखातून दिसतो. 'पाऊस पडतोय' हे वाक्य आजोबांना सांगा की नातवाला, ते तेच राहतं. कोरियनमध्ये मात्र पावसाबद्दलच्या वाक्यातही ऐकणारा कोण हे क्रियापदाच्या शेवटावरून कळतं: मित्राला 'पी वा', शेजारच्या काकूंना 'पी वायो', आणि सभेत 'पी ओम्निदा'. पाऊस एकच, वाक्यं तीन.

मालिकांतले लक्षात राहणारे बोल बहुतेक प्रेमिकांचे, मित्रांचे, भांडणाऱ्या भावंडांचे असतात, म्हणजे बान्मालमधले. 'काजा' (चल), 'हाजिमा' (नको करू), 'मवॉया' (काय हे), 'मिआने' (माफ कर), 'सारांगहे' (प्रेम आहे तुझ्यावर), 'कोमावॉ' (थँक्यू रे). यांतलं काहीही सोलच्या दुकानदाराला म्हणालात तर त्याला अर्थ कळेल आणि वाईटही वाटेल. बहुतेक ठिकाणी शेवटी 'यो' जोडला की काम भागतं: 'मिआनेयो', 'कोमावॉयो', 'जिन्चायो?'. शंका असेल तर 'यो' लावा. जास्त आदर दाखवला म्हणून कोणी रागावत नाही.

दोघांची ओळख वाढली की मोठा माणूस परवानगी देतो किंवा धाकटा विनंती करतो: 'माल नोउसेयो'. शब्दशः 'बोलणं खाली ठेवा', म्हणजे मला अहो-जाहो करू नका. या वाक्यानंतर नातं बदलतं, आणि मालिकेत ते वाक्य आलं की तो प्रसंग नीट बघावा, तिथे कथा पुढे सरकलेली असते.

पहिल्या भेटीतच वय का विचारतात?

वरच्या उत्तरातच कारण आहे: कोणत्या बोलीत बोलायचं हे ठरवायला वय लागतं. थेट 'वय किती' असं विचारण्याऐवजी जन्मसाल विचारण्याची रीत जास्त. एकाच वर्षी जन्मलेले लोक 'छिन्गु', म्हणजे बरोबरीचे. कोरियात जन्मतःच एक वर्ष धरून आणि दर १ जानेवारीला एक वाढवून वय मोजण्याची पद्धत होती. २८ जून २०२३ पासून कायदेशीर कामकाजात आंतरराष्ट्रीय पद्धतीचंच वय धरलं जातं. बोलीभाषेतला मान मात्र जन्मसालावरच चालतो.

'ओप्पा' कोणालाही म्हणता येतं का?

नाही. 'ओप्पा' हा शब्द स्त्रीने वापरायचा, आपल्याहून मोठ्या भावासाठी. तोच पुढे जवळच्या मोठ्या मित्रासाठी, प्रियकरासाठी, आवडत्या गायकासाठी वापरला जाऊ लागला. पुरुष मोठ्या भावाला 'ह्यॉङ' म्हणतो. मोठ्या बहिणीला बहीण 'ऑन्नी' म्हणते आणि भाऊ 'नूना'. धाकट्याला असं नाव नाही, त्याला नावानेच हाक: व्यंजनान्त नावामागे 'आ', स्वरान्त नावामागे 'या'. म्हणून 'जिमिन' ला 'जिमिना!' आणि 'मिन्सू' ला 'मिन्सूया!'.

हा शब्द एका कायद्याच्या कचाट्यातही सापडला आहे. उत्तर कोरियाने जानेवारी २०२३ मध्ये दक्षिणेच्या धाटणीच्या बोलण्यावर बंदी घालणारा कायदा केला. रक्ताचं नातं नसलेल्या तरुणाला 'ओप्पा' म्हणणं त्यात निषिद्ध ठरतं. एका भाषेच्या दोन तुकड्यांमधलं अंतर किती वाढलं आहे हे यावरून समजावं.

मराठी माणसाला मनापासून आवडेल असा शब्द म्हणजे 'इमो', मावशी. खानावळीत वाढणाऱ्या प्रौढ बाईंना 'इमो!' अशी हाक मारतात. आत्याला 'कोमो' असा वेगळा शब्द आहे, पण खानावळीत 'कोमो' कोणी म्हणत नाही. परक्या बाईला जोडायचं ते आईच्या बाजूचं नातं. आपणही भाजीवाल्या बाईला मावशीच म्हणतो. ओळख नसेल तर 'चॉगियो' किंवा 'यॉगियो' (शब्दशः 'तिकडे', 'इकडे') सगळीकडे चालतं. 'आजुम्मा' (मध्यमवयीन बाई) मात्र जपून. शब्दकोशात तो साधा आहे, तोंडावर म्हटलं तर पुष्कळ बायकांना खटकतो.

'फाइतिंग' म्हणजे मारामारी?

नाही, 'हिंमत ठेव', 'जमेल तुला'. इंग्रजी शब्द कोरियात गेला आणि अर्थ बदलून बसला. परीक्षेला निघालेल्या मुलाला, सामन्याआधी संघाला, मुलाखतीला जाणाऱ्या मैत्रिणीला मूठ वर करून म्हणतात. काहीजण 'ह्वाइतिंग' असा उच्चार करतात. 'आजा आजा' हेही त्याच जातीचं, जोर चढवणारं.

कोरियन लोक सतत 'जेवलास का' असं का विचारतात?

'बाप् मॉगॉस्सॉ?' म्हणजे 'भात खाल्लास का?'. भाताला 'बाप्' म्हणतात आणि जेवणालाही तोच शब्द, जसं कोकणात भात नाही तर जेवण नाही. वडीलधाऱ्यांना विचारताना शब्दच बदलतो: 'जिन्जी तुस्यॉस्सॉयो?'. उत्तरात पानात काय होतं याची यादी अपेक्षित नाही, 'हो, तुम्ही?' एवढं पुरे.

यामागे भुकेचा इतिहास आहे. गेल्या हंगामाचं धान्य संपलेलं आणि बार्ली अजून पिकलेली नाही अशा वसंतातल्या टंचाईच्या दिवसांना कोरियन लोक 'बोरित्कोगे' म्हणत, म्हणजे बार्लीचा घाट. तो चढून पलीकडे जायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा अनुभव खेडोपाडी होता. त्या पिढीने विचारलेलं 'जेवलास का' हे खरोखरच काळजीचं होतं, आणि आजही परगावी राहणाऱ्या मुलाला आई फोनवर पहिलं तेच विचारते.

एक सावधगिरी: 'ऑन्जे बाप् हान्बॉन मॉक्चा', म्हणजे 'कधीतरी एकदा जेवू या', हे बहुतेक वेळा नुसतं सौजन्य असतं. दिवस आणि वेळ ठरली तरच आमंत्रण समजा.

जेवायला बसताना 'चाल् मॉक्केस्सुम्निदा' (चवीने खातो), उठताना 'चाल् मॉगॉस्सुम्निदा' (छान जेवलो). ज्याने रांधलं किंवा ज्याने पैसे दिले त्याला हे म्हणायचंच. पाहुणा म्हणून गेलात आणि बाकी काही आलं नाही तरी ही दोन वाक्यं पाठ असावीत.

'ने' म्हणजे 'हो'? मग 'नाही' काय?

हो, 'ने' म्हणजे 'हो', आणि 'आनियो' म्हणजे 'नाही'. आपल्या कानाला 'ने' नकारासारखा लागतो, आणि सोलच्या उच्चारात तो कधी कधी 'दे' असाही ऐकू येतो. खरी गंमत नकारार्थी प्रश्नात आहे. 'जेवला नाहीस का?' याला उपाशी माणूस 'ने' म्हणतो: तुमचं म्हणणं बरोबर आहे, नाही जेवलो. फोनवर नुसतं 'ने, ने, ने' चालू असेल तर त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच, संमती नव्हे.

'क्वेन्चाना' चा अर्थ 'ठीक आहे' ना? मग खानावळवाल्याने वाढणं का थांबवलं?

कारण 'क्वेन्चानायो' हा सभ्य नकारही आहे. 'अजून थोडं घेणार?' याला 'क्वेन्चानायो' म्हणजे 'नको, पुरे'. पडलेल्याला विचारलं तर 'लागलं नाही ना?', माफी मागणाऱ्याला म्हटलं तर 'असू दे', जेवणाबद्दल म्हटलं तर 'बरं आहे'.

माफी आणि आभार?

'च्वेसोंगहाम्निदा' ही मोठ्यांकडे मागायची माफी, 'मिआनेयो' बरोबरीच्यांकडे. आभारांसाठी 'कामसाहाम्निदा' (चिनी मुळाचा) आणि 'कोमाप्सुम्निदा' (अस्सल कोरियन) दोन्ही आदराचेच. काम संपवून निघताना सहकाऱ्यांना 'सुगोहास्यॉस्सुम्निदा', म्हणजे 'बरेच कष्ट घेतलेत'. हे आपल्याहून मोठ्याला म्हणू नये असं जुने लोक मानतात. कष्टांची दाद वरच्याने खालच्याला द्यायची असते.

निरोपाला दोन वाक्यं का?

जाणाऱ्याला 'आन्न्यॉङ्ही कासेयो' (सुखाने जा), थांबणाऱ्याला 'आन्न्यॉङ्ही केसेयो' (सुखाने राहा). दुकानातून तुम्ही निघालात तर तुम्ही 'केसेयो' म्हणायचं. 'यॉबोसेयो' (हॅलो) मुख्यतः फोनवर.

कोरियन साहेब 'प्पाल्ली प्पाल्ली' म्हणतात ते रागावून का?

बहुतेक वेळा नाही. अर्थ 'लवकर लवकर'. रांजणगावच्या एलजीच्या कारखान्यात किंवा विळे-भागडच्या पोस्को पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या मराठी मंडळींनी तो नक्की ऐकला असेल. युद्धाने मोडलेला देश एका पिढीत उभा करताना लागलेली ही सवय आहे. सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा महामार्ग फेब्रुवारी १९६८ मध्ये सुरू होऊन जुलै १९७० मध्ये पुरा झाला. त्या कामात ७७ माणसं दगावली, त्यांचं स्मारक त्या मार्गावर आहे. कोरियन लोक या घाईचा अभिमानही बाळगतात आणि तिच्यावर टीकाही करतात.

'मेलो', 'मरतो' असं सारखं का म्हणतात?

'चुक्केत्ता', म्हणजे 'मरेन आता'. 'पेगोफा चुक्केत्ता' भुकेने मेलो, 'तॉवॉ चुक्केत्ता' उकाड्याने मेलो, 'चोआ चुक्केत्ता' आनंदाने वेडा झालो. मराठीशी इतकं जुळतं की वेगळं शिकावं लागत नाही. याच्या उलट 'शिवॉन्हादा' हा शब्द बुचकळ्यात टाकतो. अर्थ 'गार, मोकळं', पण कोरियन आजोबा उकळतं सूप पिऊन किंवा कढत पाण्यात उतरून समाधानाने 'आ, शिवॉन्हादा!' म्हणतात. आतून मोकळं झाल्याची ती पावती आहे. पाठ चेपल्यावर, अडलेलं काम सुटल्यावरही हाच शब्द.

'आचा' म्हणजे आपलं 'अच्छा' का?

मुळीच नाही. 'आचा!' म्हणजे 'अरेच्चा, विसरलोच!'. रिक्षात बसल्यावर गॅस चालू राहिल्याचं आठवावं, तेव्हाचा उद्गार. आणि 'सॉल्मा' म्हणजे 'छे, असं कसं होईल?'. त्यावर म्हण आहे: 'सॉल्मागा साराम जाम्नुन्दा', म्हणजे 'असं कसं होईल' हेच माणसाचा घात करतं.

कोणते उद्गार टाळावेत?

'आइश्शी' आणि त्यातल्या नुसत्या 'श्शी' वर जोर देऊन म्हटलेला उद्गार. मालिकांत नायक सर्रास म्हणतात, पण तो एका घाणेरड्या शिवीच्या उंबरठ्यावर उभा आहे आणि मोठ्यांसमोर फार वाईट दिसतो. 'या!' (ए!) हीसुद्धा अनोळखी माणसाला मारायची हाक नव्हे, रस्त्यावरची कित्येक भांडणं त्यावरूनच पेटतात.

गर्दीचे, समारंभाचे उद्गार कोणते?

'मान्से!' हा सगळ्यांत मोठा. अर्थ 'दहा हजार वर्षं', म्हणजे चिरायू होवो. १ मार्च १९१९ रोजी सोलच्या तापगोल बागेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि जपानी राजवटीविरुद्ध देशभर लोक 'देहान दोङ्निप मान्से' म्हणत रस्त्यावर आले. 'कोरियाचं स्वातंत्र्य चिरायू होवो' एवढं उच्चारण्यासाठी माणसं तुरुंगात गेली, मेली. आज लहान मूल दोन्ही हात वर करून 'मान्से' म्हणतं तेव्हा तो कपडे घालतानाचा खेळ असतो, पण शब्द तोच.

२००२ च्या फुटबॉल विश्वचषकात 'देऽहान्मिन्गुक' (दक्षिण कोरियाचं कोरियन नाव) ही घोषणा आणि मागून पाच टाळ्या देशभर घुमल्या. कोरिया तेव्हा उपांत्य फेरीत पोचला होता.

आणि पान्सोरी. एक गायक, एक ढोलवाला, तासन्‌तास चालणारी कथा. त्यात ढोलवाला आणि श्रोते मधूनमधून 'ऑल्शीगू!', 'चोता!' (वा!), 'चाल्हान्दा!' (बहोत खूब!) अशी दाद देतात, तिला 'छुइम्से' म्हणतात. ही दाद गाण्याचाच भाग मानली जाते. श्रोते मुके बसले तर गायकाला रंग चढत नाही. पोवाड्यात झीलकऱ्यांचं 'जी जी रं जी' नसेल तर शाहिराला जसं सुनं वाटेल तसंच ते. पान्सोरी २००८ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे.

चॅटमध्ये नुसती अक्षरं दिसतात, ती काय?

'ख' चं अक्षर ओळीने लिहिलं की खोखो हसणं, 'ह' चं लिहिलं की मंद हसू. एकटाच 'ख' तुसडा वाटतो, निदान दोन तरी हवेत. 'यु' या स्वराचं अक्षर दोनदा लिहिलं की डोळ्यांतून पाणी वाहिल्याचं चित्र होतं, म्हणून ते रडणं.

उच्चार देवनागरीत नीट लिहिता येतात का?

बरेचसे, आणि मराठी माणसाला त्यात फायदा आहे. 'क' आणि 'ख', 'प' आणि 'फ' हा भेद आपल्या जिभेला लहानपणापासून येतो, कोरियनमध्ये तो लागतोच. पण तिथे तिसरा, ताणलेला प्रकारही आहे: 'प्पाल्ली' मधला 'प्प' घसा आवळून, श्वास न सोडता म्हणायचा. शब्दाच्या सुरुवातीचे साधे 'प', 'क', 'च' हे मधे आले की 'ब', 'ग', 'ज' कडे झुकतात, म्हणून एकच शब्द कोणी 'बाप्' लिहितं, कोणी 'पाप्'. 'जिन्चा' मधला 'च' चहातला, चाकातला नव्हे. इथे 'ऑ' असं लिहिलेला स्वर ओठ गोल न करता, 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधे म्हणायचा. आणि 'सुम्निदा' मधला 'उ' ओठ ताणून, हसल्यासारखे ठेवून.

यापुढे जायचं असेल तर हांगुल लिपीच शिका. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती तयार करवली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, सामान्य माणसाला लिहिता यावं म्हणून. मूळ अक्षरं आज २४ आहेत. मन लावून बसलात तर काही दिवसांत वाचता येतील, आणि मग वरचे सगळे शब्द देवनागरीच्या आधाराशिवाय, जसे आहेत तसे दिसू लागतील.